साडेतीन महिने व्यायाम, कंबर अडीच इंच कमी, वजन मात्र तेवढंच. काय चुकतंय?

अबोली_चेंबूर

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण खरंच डोकं चालेनासं झालंय.

मी ४१ वर्षांची, उंची ५ फूट २ इंच, ऑफिस बीकेसीला, दिवसभर खुर्चीवर. ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या साखरेची टेस्ट) ५.९ आलं, बाबांना डायबेटिस आहे त्यामुळे घाबरलेच, आणि दुसऱ्याच आठवड्यात घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस जिम (स्क्वॅट, डंबेल, पाठीचे व्यायाम, ट्रेनर जे सांगेल ते) आणि दोन दिवस सकाळी डायमंड गार्डनला पाऊण तास भरभर चालणं. पाळीचे एकदोन दिवस सोडले तर खाडा केलेला नाही, घरी पाहुणे होते तेव्हासुद्धा साडेपाचला उठून गेले.

खाण्यात एवढंच केलं की चहातली साखर बंद, संध्याकाळी कुर्ल्याला उतरल्यावर काहीतरी तळलेलं खायचे ते बंद, आणि रात्री भात कमी. बाकी नेहमीचं, पोळीभाजी, वरण, कधी मासे, मंगळवारी आणि संकष्टीला उपास.

सुरुवातीला वजन ६८.२ होतं, परवा ६७.८. साडेतीन महिन्यांत चारशे ग्रॅम!! पण कंबर ३७ वरून साडेचौतीस झालीय, दंड अर्धा इंच कमी, जीन्सला आता पट्टा लागतो, आणि ज्या बांगड्या साबण लावून चढवाव्या लागायच्या त्या अशाच चढतात. जिना चढताना धाप लागत नाही. म्हणजे काहीतरी होतंय हे मलाही कळतंय.

पण परवा जिममध्ये महिन्याचं वजन घेतलं तेव्हा ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणाला की मॅडम तुम्ही डाएट फॉलो करत नाही, रात्रीचं जेवण बंद करा, वेट्स सोडून फक्त कार्डिओ (म्हणजे चालणं, पळणं) करा, डबल. घरी आले तर जाऊबाईंचं तेच, एवढं करून काट्यावर काहीच नाही का. त्या रात्री मी जेवलेच नाही आणि खूप रडले. नवरा म्हणतो काटा बिघडलाय, पण मी दुसऱ्या काट्यावरपण बघितलं, तेच.

तर हे नक्की काय आहे? पाणी आहे का, स्नायू आहेत का, का मीच माप चुकीचं घेतेय? आणि वेट्स सोडून कार्डिओ करू का? प्लीज ज्यांना माहितीय त्यांनी सांगा.

सुई_दोरा

अबोली, आधी जेव बाई. उपाशी झोपू नकोस.

मी डॉक्टर नाही, लालबागला गेली बावीस वर्षं ब्लाउज ड्रेस शिवते. माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या आहेत, काही जणींची पंधरा पंधरा वर्षांची मापं एकाखाली एक, त्यामुळे हा प्रकार मी कितीतरी जणींच्या बाबतीत बघितलाय. येतात आणि म्हणतात वजन तेवढंच आहे तेच माप धरा, आणि मी टेप लावते तर कंबर दोन इंच आत, दंड घट्ट झालेला, पाठ सरळ झालेली. पाठ सरळ झाली की ब्लाउजचा मागचा गळासुद्धा वेगळा बसतो, हे शिवणाऱ्यालाच कळतं. आणि उलटंपण बघितलंय, आजारपणात आठ किलो कमी झालेली बाई, पण पोट जिथल्या तिथे आणि खांदे पडलेले. म्हणून मी तरी काट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवते.

पण टेप नीट लाव. कंबर म्हणून बऱ्याच जणी परकराची नाडी बांधतो तिथलं माप देतात, कोणी बेंबीवर घेतं, कोणी त्याच्या वर जिथे सगळ्यात बारीक तिथे. तिन्हीत दोनतीन इंचाचा फरक सहज येतो. तू सुरुवातीला एका जागी आणि आता दुसऱ्या जागी घेतलं असशील तर त्या अडीच इंचाला अर्थ नाही. दुसरं म्हणजे कापडी टेप जुनी झाली की ताणते. माझ्याकडची एक जुनी टेप नव्या टेपशेजारी ठेवली तर साठ इंचात पाऊण इंच लांब भरते, मग तुझी कंबर उगाच कमी दिसणार ना. नवीन टेप घे, वीसतीस रुपयाला मिळते, तीच वापर. सकाळी चहाच्या आधी, शौचाला जाऊन आल्यावर, श्वास साधा सोडून, पोट आत न ओढता. टेप अंगाला टेकली पाहिजे, रुतता कामा नये, आणि आरशात बघ मागून खाली तर घसरली नाही ना.

बांगडीचं म्हणालीस ते मात्र खरं माप आहे, काच काही ताणत नाही.

फिजिओ_मुलुंड

सुई_दोरा ताईंनी फार मोलाचं सांगितलं, माप घ्यायची जागा आम्हीपण तशीच पक्की करून घेतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, दोन्ही बोटांनी चाचपायची आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये टेप लावायची. हाडं हलत नाहीत त्यामुळे दर महिन्याला जागा तीच राहते, बेंबी मात्र पोट कमीजास्त झालं की वरखाली होते.

आता अबोलीताई, तुमचा मूळ प्रश्न. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळे म्हणतात स्नायू चरबीपेक्षा जड असतात. किलो म्हणजे किलोच, फरक घनतेत असतो. चरबीची घनता साधारण ०.९, स्नायूंची १.०६, म्हणजे एक किलो चरबीला १.१ लिटर जागा लागते आणि एक किलो स्नायूला ०.९४ लिटर. फरक किती, तर दीड-पावणेदोनशे मिली, एक मोठा कप चहा. समजा तुमची दोन किलो चरबी गेली आणि दोन किलो स्नायू आले तरी सगळ्या अंगात मिळून तिसरा हिस्सा लिटर जागा कमी झाली. एवढ्यावर कंबर अडीच इंच आत जाणार नाही. घनतेचं हे उत्तर अर्धवट आहे आणि जिममध्ये तेवढंच सांगून सोडतात याचा मला खरंच राग येतो.

खरी गोष्ट जागेची आहे. चरबी जाते ती बरीचशी पोटातून, आणि स्नायू वाढतात ते मांड्या, कुल्ले, पाठ, खांदे इथे, कारण स्क्वॅट आणि पाठीच्या व्यायामात तेच कामाला लागतात. म्हणजे वजन पोटावरून उचलून पायांवर आणि पाठीवर ठेवल्यासारखं. काट्याला कुठे काय आहे हे कळत नाही, टेपला कळतं. त्यात पोटाच्या आत आतड्याभोवती, यकृताभोवती जी चरबी असते ती व्यायामाला लवकर दाद देते, वजन हललं नाही तरी ती कमी झालेली दिसते, आणि शुगरशी सगळ्यात जास्त संबंध तिचाच. तुम्ही व्यायाम ज्यासाठी सुरू केलात त्याच्याच मागे तुम्ही आहात.

स्नायूंबरोबर पाणीसुद्धा आहे. नियमित व्यायाम करणाऱ्याचे स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जास्त भरून ठेवतात आणि त्याच्या एका ग्रॅममागे अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. तीनशे ग्रॅम साठा वाढला की किलोभर पाण्यासकट सव्वा किलो काट्यावर. त्यात व्यायामाने स्नायूंना जी बारीक इजा होते, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते, ती भरून येईपर्यंत तिथेही थोडं पाणी थांबतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणखी एखाददोन किलो. आदल्या रात्री पापड लोणचं किंवा बाहेरची पावभाजी झाली असेल तर अजून. म्हणून महिन्यातून एकदा वजन करून त्यावर माणसाला सगळ्यांसमोर बोलणं हे साफ चूक आहे. आठवडाभर रोज सकाळी करा, सरासरी काढा, आणि ती मागच्या महिन्यातल्या पाळीनंतर तितक्याच दिवसांनी घेतलेल्या सरासरीशी ताडून बघा. जमिनीवर, सतरंजीवर नाही.

ते पायाखाली करंट सोडून फॅटचा टक्का सांगणारे काटे असतात त्यांचं फार मनावर घेऊ नका, अंगात पाणी कमीजास्त झालं की टक्का बदलतो.

वेट्स सोडू नका. हे अगदी हात जोडून सांगते. चाळिशीनंतर बाईचे स्नायू काही न करता कमी होत जातात, पुढे पाळी गेली की हाडंही विरळ होतात, आणि जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं गोदाम स्नायूच आहे. रात्रीचं जेवण बंद आणि कार्डिओ डबल केलं तर काटा हलेल, नक्की हलेल, पण त्यात चरबीबरोबर तुम्ही कमावलेले स्नायूही विकले जातील.

पहाटफेरी

वरचं सगळं मान्य, पण मी एक वेगळी बाजू मांडतो, ताई तुम्ही रागावू नका.

मी ५३, दादरला राहतो, शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती रोज पाच फेऱ्या आणि घरी डंबेल. माझंही अगदी तुमच्यासारखंच झालं, पहिल्या चार महिन्यांत ८१ चे ८१ आणि पोट दोन इंच आत. मला सगळ्यांनी हेच सांगितलं की स्नायू वाढतायत, आणि मी त्याच समाधानात आणखी पाच महिने काढले. त्या पाच महिन्यांत कंबरही अर्ध्या इंचाच्या वर हलली नाही, वजनही नाही. म्हणजे सुरुवातीची अदलाबदल संपली होती आणि मी आता जेवढं जाळत होतो तेवढंच खात होतो.

मग मुलीच्या सांगण्यावरून दोन आठवडे तोंडात जाईल ते सगळं लिहून काढलं. ऑफिसात चार वाजता चिवडा, मुठीच्या हिशोबाने म्हणून कधी मोजलाच नाही. रविवारी व्यायाम झाला म्हणून पुरी श्रीखंड. पाऊण तास भरभर चालून आमच्यासारख्यांचे पावणेदोनशे, फार तर दोनशे कॅलरी जळतात, आणि एक किलो चरबी म्हणजे ७७०० च्या आसपास, त्यामुळे एका वडापावात दिवसाचं चालणं संपतं. हे समजल्यावर मी चिवडा आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात एवढंच कमी केलं, आणि पुढच्या सात महिन्यांत सहा किलो गेले.

तुमचं वजन उंचीच्या मानाने बघितलं तर बीएमआय सत्तावीसच्या पुढे येतो. आपल्या भारतीयांसाठी पंचवीसच्या वर लठ्ठपणातच धरतात. त्यामुळे अजून काही महिन्यांनी काटाही थोडा खाली यायला हवा, गुडघ्यांना तरी ते वजन उचलावंच लागतं. आत्ता घाबरू नका, पण इंच कमी व्हायचे थांबले की त्याच आठवड्यात वही काढा, माझ्यासारखे पाच महिने घालवू नका.

फिजिओ_मुलुंड

पहाटफेरी, बरोबर आहे तुमचं, मी हे लिहायला हवं होतं. लागोपाठ दोन महिने टेपही जागची हलली नाही आणि काटाही नाही, तर खाणं बघायचंच. अबोलीताई, टीएसएच झालंय का हो? थायरॉइड मंद असेल तर वजन अडतं, तपासून मोकळं व्हा.

आणि लक्ष्य म्हणून किलोपेक्षा हे धरा: भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषांसाठी ९० च्या आत. दुसरा सोपा हिशोब, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. तुमची उंची ६२ इंच, म्हणजे ३१. ३७ पासून ३१ म्हणजे सहा इंच, त्यातले अडीच झालेसुद्धा.

लॅबवाली

मी परळच्या एका लॅबमध्ये काम करते, रिपोर्टच्या बाजूने थोडं लिहिते. तुमचं एचबीएवनसी परत कधी करणार? लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि हा आकडा त्या तेवढ्या काळातल्या साखरेची खूण असतो, त्यामुळे साडेतीन महिने हा परत करायला अगदी योग्य वेळ आहे. सोबत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, बघा. मला स्वतःला वाटतं की तुम्ही ज्या कारणाने घाबरून सुरुवात केलीत त्याचं उत्तर जिमच्या काट्यात शोधण्यापेक्षा तिथे शोधावं.

आणखी एक, बीएमआयचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांनी स्वतःचीच तुलना करून २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाला छोटासा लेख दिला होता. दोघांचा फोटो शेजारी शेजारी, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या २१.२ टक्के. तेवढ्याच बीएमआयला दुपटीहून जास्त चरबी! आपल्याकडे हाडकुळ्या दिसणाऱ्या माणसालाही डायबेटिस का होतो ते यावरून मला पहिल्यांदा नीट कळलं. तुमचं उलट्या दिशेने चाललंय, वजन तेच ठेवून आतला माल बदलतोय, आणि आपल्या लोकांना याचीच गरज आहे.

अबोली_चेंबूर

काय बोलू, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत. दोनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

आज सकाळी नवीन टेप आणून हाडं चाचपून माप घेतलं, ३५ आलं. म्हणजे आधीची टेप किंवा जागा थोडी चुकतच होती, पण ठीक आहे, दोन इंच तर दोन इंच, आता इथून मोजते. सुरुवातीचं मापही त्याच जुन्या टेपने होतं म्हणून फरक फार नसावा असं वाटतं. टीएसएच चेकअपमध्येच झालं होतं, नॉर्मल. एचबीएवनसी शनिवारी करून घेते.

पहाटफेरी, रागावले अजिबात नाही, उलट तुमचं वाचून कालपासून वही घातलीय. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की उपासाच्या दिवशी मी सगळ्यात जास्त खाते, साबुदाण्याची खिचडी दोनदा, वेफर्स, संध्याकाळी परत साबुदाणा वडा. आणि आठवड्यात दोनच दिवस अंडं किंवा मासे, बाकी प्रोटीन म्हणजे फक्त वरण. किती लागतं रोज? पावडर घ्यायची माझी तयारी नाहीये.

फिजिओ_मुलुंड

पावडर लागत नाही. साधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलेलं आहे, म्हणजे तुम्हाला ५६-५७. वजनं उचलताय तर थोडं जास्त, सत्तरपर्यंत न्या, किडनीचा काही त्रास नसेल तर. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतं, म्हणून ते पुरत नाही. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, एक मोठा पेला दूध आठ, मटकी मुगाची घट्ट उसळ वरणापेक्षा केव्हाही बरी. बांगडा, बोंबील खाता ना, मग आठवड्यातून दोनाचे चार दिवस करा. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, नुसता स्टार्च. शुगर बॉर्डरवर असताना तो दिवसातून तीनदा नको. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा भाव आहे, पण वरई थोडी, दही, दूध, दाणे, राजगिरा, फळ यावरही उपास होतो.

सुई_दोरा

आमच्याकडे उपासाला दाण्याची आमटी आणि वरीच असते, खिचडी फक्त एकादशीला.

अबोली_चेंबूर

रिपोर्ट आला म्हणून लिहितेय. ५.६. ट्रायग्लिसराइड १७८ होतं ते १४१. लॅबवाली ताई, तुमच्यामुळे केलं, नाहीतर मी वर्षभर काट्याकडेच बघत बसले असते. बाबांना फोन केला तर ते काही बोललेच नाहीत थोडा वेळ, मग म्हणाले मीपण उद्यापासून चालायला जातो.

ट्रेनरला सांगितलं की रात्रीचं जेवण मी बंद करणार नाही आणि वेट्सपण सोडणार नाही, आणि माझं वजन सगळ्यांसमोर वाचायचं नाही. तो गप्प झाला. आता दर एक तारखेला टेप, आणि वही चालूच आहे.

सुई_दोरा ताई, एक विचारायचं राहिलं. जूनमध्ये चुलत बहिणीचं लग्न आहे आणि माझे सगळे ब्लाउज कमरेत आणि दंडात ढगळ झालेत. आत्ताच दाबून घेऊ का थांबू?

सुई_दोरा

वा वा, फार छान बातमी दिलीस, बाबांना सांग रोज जा म्हणावं.

लग्नापुरते दोन काढ आणि तेवढेच दाबून घे, पण शिवणाऱ्याला सांग आतलं कापड कापायचं नाही, मार्जिन तसंच ठेवून नुसती एक शिवण आत मारायची. दंडाला थोडं सैल ठेव, तू वजनं उचलतेस, तिथे पुढे भरेल. बाकीचे ब्लाउज दिवाळीपर्यंत हात लावू नकोस, तोपर्यंत अजून एकदा उसवावे लागतील.